मोटारीतला रेडिओ मुका होतो तेव्हा

म्हैसूरहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर हुणसूर गावात शिरतो. लक्ष्मणतीर्थ नदीकाठचे हे तालुक्याचे ठिकाण. आजूबाजूला तंबाखूची शेते आणि पलीकडे नागरहोळेच्या अरण्याची कड. येथून एक रस्ता पिरियापट्टण, बैलकुप्पे, कुशालनगर अशी गावे घेत मडिकेरीला चढतो, तर दुसरा रानाच्या बाजूने गोणिकोप्पल-विराजपेटेकडे वळतो. दोन्ही वाटा कोडगूच्या डोंगरांत जाणाऱ्या, आणि त्या डोंगरांतला पाऊस साधासुधा नव्हे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेथे दरडी कोसळल्या आणि मडिकेरीहून मंगळूरकडे उतरणारा घाटरस्ता पार तुटला. तेव्हा आषाढ-श्रावणात हुणसूर ओलांडून पुढे जाणाऱ्या माणसाला रेडिओ म्हणजे केवळ गाण्यांची करमणूक वाटत नाही. भ्रमणध्वनीचे जाळे जेथे विरळ होते तेथेही हवापाण्याची आणि रस्त्याची बातमी आणून देणारा तो सोबती असतो.

अशा प्रवासात, नेमक्या हव्या त्या वेळी, हा सोबती एकाएकी मुका होतो. आतापर्यंत स्वच्छ ऐकू येणारा आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो. मग सुरू होतात ते सर्वांच्या ओळखीचे उपचार. कोणी कळा फिरवून पाहतो, कोणी पेटीवर थाप मारतो, कोणी एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने केंद्र शोधू लागतो. यांतला शेवटचा उपचार सर्वांत घातक होय. ओल्या, वळणाच्या रस्त्यावर क्षणभर नजर हटली तरी अनर्थाला तेवढे पुरे होते. म्हणून पहिला नियम यंत्राविषयी नसून माणसाविषयी आहे : गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभी करावी, आणि मगच रेडिओकडे वळावे.

रेडिओचा आवाज ही एका साखळीच्या शेवटी मिळणारी गोष्ट आहे. दूरच्या केंद्रावरून लहर निघते. गाडीवरचा एरियल ती टिपतो. त्या क्षीण लहरीतून डॅशबोर्डातला ग्राहक हवे ते केंद्र निवडतो, तिच्यातला ध्वनी वेगळा काढून त्याला बळ देतो. ध्वनिवर्धक, म्हणजे स्पीकर, त्या विद्युत्प्रवाहाचे पुन्हा आवाजात रूपांतर करतो. या सर्व व्यवहाराला वीज पुरवते ती गाडीची बॅटरी. साखळीची कोणतीही एक कडी तुटली तरी प्रवाशाच्या कानाला फळ एकच मिळते : शांतता. फसगत येथेच होते. दोष पाच जागी असू शकतो, लक्षण मात्र एकच दिसते. म्हणून चतुर कारागीर ‘काय बिघडले?’ असे आरंभी विचारीत नाही. ‘काय अजून जिवंत आहे?’ असे विचारतो. जिवंत कड्या एकेक करून बाजूला काढल्या की मेलेली कडी आपोआप उघडी पडते.

ही दृष्टी जुन्याच काळापासूनची आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा त्यात काचेच्या व्हॉल्व्ह नळ्या असत. त्या नळ्यांना शेकडो व्होल्टांचा दाब लागे, आणि गाडीची बॅटरी तर अवघ्या काही व्होल्टांची. हे अंतर भरून काढण्यासाठी पुढे ‘व्हायब्रेटर’ नावाचा एक थरथरणारा खटका वापरात आला. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडी-जोडी, आणि मग रोहित्रातून दाब वाढविता येई. त्याची भुंग्यासारखी गुणगुण कानावर पडली की वीज येथवर पोहोचली हे कारागिराला पेटी न उघडताच कळे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५५ साली संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ अमेरिकेत जाहीर झाला आणि ती गुणगुण हळूहळू मावळली. पण कान लावून निदान करण्याची विद्या मावळली नाही. आजच्या रेडिओची शांतता नीट ऐकली, तर तिचेही तीन प्रकार वेगळे ओळखता येतात.

पहिल्या प्रकारात पेटीचा दिवा लागलेला असतो, केंद्राचा आकडा दिसत असतो, आवाज वाढविला तर खरखरही ऐकू येते. नाही ते फक्त बोलणे आणि गाणे. काही नव्या पेट्या ही खरखर मुद्दाम दाबून टाकतात. तेव्हा खात्रीसाठी भ्रमणध्वनी तारेने जोडून किंवा पेटीत अन्य काही सोय असेल तर तिच्यातून एखादे गीत लावून पाहावे. ते नीट वाजले, तर वीज, ध्वनीला बळ देणारा भाग आणि स्पीकर या तिन्ही कड्या शाबूत आहेत हे एका क्षणात ठरते. राहतात त्या तीनच शंका : लहर, एरियल, आणि पेटीतला लहर निवडणारा भाग.

यांपैकी लहरीचा विचार हुणसूरच्या प्रवाशाने सर्वांत आधी करावा, कारण येथे दोष पुष्कळदा यंत्राचा नसून भूगोलाचा असतो. एफ.एम.च्या लहरी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढ्या उच्च कंप्रतेच्या असतात. प्रकाशाप्रमाणे त्या बव्हंशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या बाकामागे फारशा वळत नाहीत. प्रक्षेपणाचा मनोरा शंभर मीटर उंच धरला आणि मोटारीच्या एरियलचे टोक जमिनीपासून दीड मीटरवर मानले, तर सपाट प्रदेशात या लहरींचे क्षितिज सुमारे ४६ किलोमीटरांवर येते. म्हैसूर ते हुणसूर हे अंतरही जवळपास तेवढेच! मनोरा अधिक उंच असेल तर क्षितिज पुढे सरकते. मध्ये टेकडी आली तर ते अलीकडेच संपते. म्हैसूरचे केंद्र हुणसुराच्या पुढे क्षीण व्हावे, आणि चढण लागल्यावर मडिकेरीचे केंद्र हाती यावे, हा त्या लहरींचा स्वभावच आहे. त्याला बिघाड म्हणता येत नाही.

पण मग आवाज हळूहळू न मंदावता एकदम का तुटतो? याचेही उत्तर एफ.एम.च्या रचनेत आहे. लहर एका ठरावीक मर्यादेपेक्षा बलवान आहे तोवर ग्राहक आजूबाजूचा गोंगाट दाबून स्वच्छ आवाज देतो. ती त्या मर्यादेच्या खाली गेली की हे सामर्थ्य अकस्मात संपते, आणि गाण्याच्या जागी खरखर उरते. उंबरठ्याच्या आत उजेड आणि बाहेर पाऊल टाकताच अंधार, असाच हा प्रकार असतो. मध्यमलहरींचे तसे नाही. त्यांची लांबी शेकडो मीटर असते. जमिनीला धरून त्या दूरवर जातात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरांवरून परावर्तित होऊन आणखी दूर पोहोचतात. त्यांचा आवाज चढतो, उतरतो, हळूहळू विरतो. परंतु आकाशवाणीची अनेक मध्यमलहरी प्रक्षेपणे अलीकडच्या वर्षांत बंद झाली आहेत. त्यामुळे जुन्या सवयीच्या आकड्यावर शांतता आढळली, तर त्याचा दोष पेटीला देण्यापूर्वी ते केंद्र अजून बोलते आहे काय, याची चौकशी करावी.

लहर आहे की नाही हे ठरविण्याची सर्वांत स्वस्त कसोटी म्हणजे दुसरा रेडिओ. हातात मावणारा साधा ग्राहकही चालेल. गाडीबाहेर, त्याच जागी उभे राहून तेच केंद्र लावावे. त्यावर ते स्वच्छ ऐकू आले आणि गाडीत आले नाही, तर लहर निर्दोष ठरली. दोहोंवरही आले नाही, तर पेटी उघडण्याची घाई करू नये. आठदहा किलोमीटर पुढे किंवा मागे जाऊन पुन्हा पाहावे.

लहर असूनही ऐकू येत नसेल, तर एरियलकडे वळावे. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटर असते आणि तिचा चौथा भाग पाऊण मीटर. जुन्या गाड्यांवरची सळई साधारण तेवढी लांब असे ती याच कारणाने. ती मुळाशी सैल झाली, बुडाशी पावसाचे पाणी शिरून गंज चढला, किंवा पेटीच्या पाठीमागची एरियलची खीळ खाचखळग्यांच्या धक्क्यांनी निसटली, तर लहर दाराशी येऊनही घरात येत नाही. आजच्या पुष्कळ गाड्यांवर आखूड एरियल असतो आणि त्याच्या बुडाशी लहरीला बळ देणारे एक छोटे यंत्र बसविलेले असते. त्याला स्वतंत्र वीज लागते. पेटी बदलताना ही वीज जोडायची राहून गेली, तर नवी कोरी पेटीही बहिरीच राहते. म्हणून रेडिओ नुकताच बदललेला असेल आणि फक्त केंद्रे लागत नसतील, तर या एका तारेची चौकशी अगोदर करावी.

याच प्रकारातले आणखी एक कारण फार साधे आणि म्हणूनच सहज नजरेआड होणारे आहे. भ्रमणध्वनीला वीज देण्यासाठी खोबणीत खोचलेला हलक्या प्रतीचा चार्जर, काचेवर लावलेला छोटा कॅमेरा, बाजारातून आणून बसविलेले एल.ई.डी. दिवे, यांच्यातली विद्युन्मंडले अतिवेगाने उघडझाप करीत असतात आणि त्यातून लहरींचा गोंगाट बाहेर पडतो. जवळचे बलवान केंद्र त्याला पुरून उरते. दूरचे क्षीण केंद्र त्यात बुडून जाते. ही उपकरणे एकेक करून काढून पाहावीत. चार्जर उपटताच गाणे परत आले, तर चोर सापडला.

दुसऱ्या प्रकारच्या शांततेत दिवा लागतो, आकडे बदलतात, पण काहीही लावले तरी ना आवाज ना खरखर. येथे वीज पेटीपर्यंत पोहोचली आहे हे उघड आहे. संशय आवाज बाहेर नेणाऱ्या वाटेवर येतो. प्रथम आवाज बंद करण्याची कळ चुकून दाबली गेली नाही ना, हे पाहावे. त्यानंतर आवाज डावा-उजवा आणि पुढे-मागे वाटणारी सोय फिरवावी. मुलांच्या हातून तो सगळा एकाच कोपऱ्यात ढकलला गेलेला असतो, आणि त्या कोपऱ्यातला स्पीकर नेमका निकामी असतो, असेही घडते. फिरवताना एखादा स्पीकर बोलला, तर पेटी जिवंत आहे. चारही मुकेच राहिले, तर चार स्पीकर एकाच क्षणी मेले असे मानण्यापेक्षा त्या चौघांना समान असणारे कारण शोधणे शहाणपणाचे ठरते.

असे एक समान कारण वारंवार आढळते. आजच्या बहुतेक पेट्यांमध्ये स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारांत विद्युद्दाब असतो. त्यांतली एकही तार गाडीच्या सांगाड्याशी जोडायची नसते. दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून एखाद्या तारेचे वेष्टन झिजते आणि उघडी तार लोखंडाला टेकते. तसे होताच पेटीतले संरक्षक मंडल स्वतःला वाचविण्यासाठी सगळा आवाज बंद करते. एका दाराच्या तारेपायी चारही स्पीकर मुके होतात ते असे. दार उघडता-मिटता आवाज येत-जात असेल, तर हीच तार शोधावी. उन्हात तापलेल्या गाडीत मोठ्या आवाजाने बराच वेळ वाजविल्यावर पेटी गप्प झाली आणि थंड झाल्यावर पुन्हा बोलू लागली, तर तेही संरक्षणच समजावे. स्पीकर स्वतः शाबूत आहे काय, हे पाहण्याची जुनी युक्ती अजून उपयोगी पडते : त्याच्या तारा पेटीपासून पूर्णपणे सोडवाव्यात आणि दीड व्होल्टाचा साधा सेल क्षणभर त्यांना टेकवावा. ‘टक्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे.

तिसऱ्या प्रकारात पेटी पूर्ण अंधारात असते. दिवा नाही, आकडा नाही, कळ दाबली तरी उत्तर नाही. येथे वीजच पोहोचत नाही, असे धरून चालावे. गाडीतली इतर उपकरणे पाहावीत : भोंगा वाजतो का, आतला दिवा लागतो का, खोबणीत चार्जर चालतो का? सगळेच मंद असेल तर बॅटरी पाहावी. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. बाकी सारे ठीक आणि रेडिओच तेवढा मृत असेल, तर फ्यूजच्या पेटीकडे जावे. तिच्या झाकणावर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत कोणता फ्यूज कशाचा, याचा नकाशा असतो. रेडिओच्या पाठीवरही बहुधा एक स्वतंत्र फ्यूज बसविलेला असतो, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

रेडिओला सहसा विजेच्या दोन वाटा असतात. एक अखंड चालू. तिच्यावर घड्याळ आणि साठविलेली केंद्रे टिकतात. दुसरी किल्ली फिरविल्यावर सुरू होणारी. स्वतंत्रपणे विकत घेऊन बसविलेल्या पेट्यांत पहिली तार बहुधा पिवळी, दुसरी लाल आणि सांगाड्याला जोडायची काळी असते. तरीही रंगावर विसंबण्यापूर्वी पेटीवरचा नकाशा पाहावा. गाडी बंद करताच दर वेळी साठविलेली केंद्रे पुसली जात असतील, तर अखंड वाट तुटली आहे. घड्याळ चालू पण किल्ली फिरवूनही पेटी जागी होत नसेल, तर दुसऱ्या वाटेवर संशय घ्यावा. दोन्ही ठीक असतील तर काळी तार राहिली. ती सांगाड्याला जेथे घट्ट केलेली असते, तेथला स्क्रू सैल झाला किंवा गंजला, तरी परतीची वाट बंद होऊन पेटी अंधारात जाते.

फ्यूज जळालेला आढळला की तंटा मिटला असे वाटते. वस्तुतः खरी जोखीम तेथेच सुरू होते. फ्यूज हा शत्रू नसून पहारेकरी आहे. कोठेतरी प्रवाह अतोनात वाढला, आणि तारा जळू नयेत म्हणून तो स्वतः जळाला. त्याच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. पात्यांसारख्या फ्यूजांत हे रंगावरूनही ओळखता येते : दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. दुसराही लगेच जळाला, तर तिसरा बसवू नये. आधी दोष शोधावा. रस्त्यात अडचण झाली म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज बसविणे किंवा तांब्याची तार, सिगारेटच्या पाकिटातला चकचकीत कागद गुंडाळून काम भागविणे, हा उपाय रेडिओ चालू करील; परंतु पुढच्या वेळी जळायची पाळी फ्यूजची नसून गालिच्याखालून जाणाऱ्या तारेची असेल, आणि तिच्या शेजारी माणसे बसलेली असतील. एका गाण्यासाठी एवढी किंमत कोणी देऊ नये.

बॅटरी बदलल्यावर किंवा तिची तार काढून जोडल्यावर रेडिओ बंद पडला, तर तो बिघडला असे एकदम समजू नये. चोरीला आळा बसावा म्हणून काही पेट्यांत अशी योजना असते की वीज तुटून परत आली की पेटी एक गुप्त अंक मागते. तो अंक गाडीच्या कागदपत्रांत दिलेला असतो. अंदाजाने वाटेल ते अंक दाबीत बसल्यास अशी पेटी काही काळासाठी अधिकच घट्ट मिटते. तेव्हा कागद शोधणे हाच उपाय.

इतके झाल्यावरही दोष सापडला नाही, तर बहुधा तो पेटीच्या अंतरंगात आहे, आणि तेथे जाणकाराचे काम सुरू होते. डॅशबोर्ड स्वतः उचकटण्याचा मोह आवरावा, कारण हल्लीच्या गाड्यांत अपघातप्रसंगी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या तारा त्याच भागातून जातात. पण कारागिराकडे जाताना ‘रेडिओ बंद पडला’ एवढेच सांगणे आणि ‘दिवा लागतो, भ्रमणध्वनीवरचे गीत वाजते, बाहेरच्या रेडिओवर केंद्र येते, गाडीत येत नाही’ असे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. दुसरे सांगणारा गिऱ्हाईक अर्धे निदान बरोबर घेऊन येतो. त्याचा वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि धड चालणारी पेटी विनाकारण बदलली जात नाही.

हुणसूरचा रस्ता जेथून निघतो, त्या म्हैसूर शहराचे या विषयाशी एक निराळेच नाते आहे. मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली तेथे आपल्या घरातून एक छोटे प्रक्षेपण सुरू केले. त्या केंद्राला मिळालेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या भारताच्या नभोवाणीने स्वीकारले. त्या पहिल्या प्रक्षेपणाची शक्ती फार थोडी होती. तरी ते ऐकण्यासाठी माणसे कान टवकारून बसत. आज शक्ती वाढली, केंद्रे वाढली, पेट्या सुबक झाल्या. पण ऐकण्याची ती जुनी सवय रेडिओ बोलतो तेव्हा जितकी हवी, तितकीच तो गप्प होतो तेव्हाही हवी. गाडी कडेला घ्यावी, दिवा पाहावा, खरखर ऐकावी. पेटी अंधारात आहे, नुसती मुकी आहे, की बोलणारे केंद्रच टेकडीआड राहिले आहे, हे ठरायला पाच मिनिटे पुरतात. आणि केंद्रच मागे राहिले असेल, तर करण्यासारखे काम एकच उरते : मडिकेरीच्या चढणीला लागावे आणि पुढच्या केंद्राची वाट पाहावी.